चपटा की गोल? एअर रायफलचे छर्रे घेताना

डिचोलीचे एक स्नेही मुलीला एअर रायफल शिकायला घालताहेत. छर्रे कुठले घेऊ, म्हणून परवा फोन आला. मी उलट विचारलं, कागदावर मारायचे की बागेतल्या डब्यांवर? निम्मी निवड तिथंच होते.

१० मीटरवरचा कागदी निशाणा असेल तर चपट्या तोंडाचा छर्रा. तो पंच मारल्यासारखं स्वच्छ भोक पाडतो. गोल डोक्याचा कागद फाडत जातो, कडा आत दुमडतात आणि भोक आहे त्याहून लहान दिसतं. रायफलच्या निशाण्यावर दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा. भोक रेषेला टेकलं की नाही यावर गुण ठरतो, तिथं फाटक्या कडेवरून कुणाशी वाद घालायचा? अंतर वाढलं की मात्र पारडं फिरतं. २५ मीटरच्या आसपास चपटा भरकटायला लागतो. गोल डोक्याचा वेग टिकवून सरळ जातो. डबे पाडायची हौस असेल तर तोच. टोकदार छर्रे दिसायला झकास, पण टोक जरा वाकडं निघालं की नेम गेला. मी घेत नाही.

वजनाचं फार मनावर घेऊ नका. साधारण ०.४५ ग्रॅमचा पिस्तुलाला आणि ०.५३ चा रायफलला, अशी रीत आहे.

खरी गोम स्वस्त आणि महाग डबीत आहे. स्वस्त डबीतले वीस छर्रे मी म्हापशाच्या बाजारात ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर घातले. तो हसला, पण तोलून दिले. ०.४९ पासून ०.५५ पर्यंत काहीही निघालं, आणि त्यातल्या दोन छर्र्यांचा मागचा घेर चेपलेला. हा घेर नळीला घट्ट बसून हवा अडवतो. तो चेपला की हवा निसटते आणि छर्रा खाली लागतो. स्पर्धेच्या डबीतले सगळे जवळजवळ एका वजनाचे होते. सुरुवातीला उभं राहायची सवय लावायला स्वस्त चालतील, पण गुण मोजायला लागलात की नकोत.

म्हणून सगळ्यात महागडी डबी घ्यावी, असंही नाही. स्पर्धेचे छर्रे ४.४९, ४.५०, ४.५१ मिलिमीटर अशा मापांत मिळतात आणि कुठल्या नळीला कुठलं रुचेल ते नळीच ठरवते. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवलं तो ५० मीटरचा खेळ .२२ च्या काडतुसांचा. तिथंही काडतुसांचा लॉट आधी नळीला लावून बघतात, मगच साठा करतात. घरच्या घरी रीत सोपी: उकड्या तांदळाच्या पिशवीवर रायफल टेकवा. छर्रा बदलला की पहिले आठ-दहा वाया घालवा, मग पाच-पाचचे तीन गट मारा. गटातल्या दोन टोकांच्या भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजून त्यातून छर्र्याचं माप, म्हणजे ४.५, वजा करा. माझ्या रायफलला मधल्या किमतीचा ४.५० आवडला, महागड्याचा गट त्याहून पसरला.

आपल्याकडचा पावसाळा विसरू नका. दमट हवेत शिशावर पांढरी भुकटी चढते. डबी घट्ट बंद ठेवा. मारून झालं की पोरीला आधी साबणानं हात धुवायला लावा, मग बिस्किट. शिसं पोटात जाता कामा नये.

आणि गोल डोक्याचे घेतलेत तर शेजारचा कुणीतरी पारव्यांची गोष्ट काढणारच. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार आजोबांच्या गप्पांतच राहिली. निशाण्यामागं भिंत हवी आणि भिंतीपुढं छर्रा अडवणारी पेटी. नुसत्या भिंतीवरून तो उलटा येतो.

त्यांना एकच नाव हवं होतं. मी तीन लहान डब्या सांगितल्या, तिन्ही चपट्या, माप वेगवेगळं. तांदळाची पिशवी घरचीच.