जुलैतली द्राक्षं

काटोलला जूनमध्ये झाडावरची पिकली संत्री तोडायला नेतो, असं कुणी म्हणालं असतं तर मी त्याला दारातूनच हाकललं असतं. संत्र्याचा आंबिया बहार कधी, मृग बहार कधी, हे नागपूरकराला शिकवावं लागत नाही. पण 'जुलै स्पेशल नाशिक वाईन टूर, द्राक्षतोडणीसह' ही जाहिरात वाचली तेव्हा डोक्यात काहीही वाजलं नाही. उलट ही म्हणाली, "चला नं, एकदा तरी जाऊ."

मी, ही, माझा मित्र आणि वहिनी. दोन दिवस, तीन वायनरींत टेस्टिंग, द्राक्षमळ्यात मुक्काम, नाशकात फिरायला ड्रायव्हरसह गाडी. चौघांचे मिळून २८,००० रुपये. फोनवरचा माणूस अस्सल नागपुरी, "भाऊ, तुम्ही टेन्शनच घेऊ नका." पैसे यूपीआयवर मागितले, तेही कुण्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात. बिल मागितलं तर "तिथं भेटते." संध्याकाळी व्हॉट्सॲपवर क्यूआर कोडवाली चार व्हाउचर आली आणि आम्ही बॅगा भरल्या.

समृद्धीने शिर्डीपर्यंतचा प्रवास झकास झाला, तेवढंच सुख. नाशकात आपली गाडी ठेवून त्यांच्या गाडीने गंगापूर धरणाकडच्या पहिल्या वायनरीत गेलो. काउंटरवरच्या पोराने कोड स्कॅन केला. स्क्रीनवर द्राक्षांच्या घडाचा फोटो उघडला. बस, फोटोच. त्याने पुन्हा स्कॅन केला, मग मोबाइल माझ्याकडे वळवला आणि हळूच म्हणाला, "काका, हे आमचं नाही." हे वाक्य त्याने आधीही कुणाला तरी म्हटलेलं असावं.

आलोच आहोत तर म्हणून टेस्टिंगचे पैसे पुन्हा भरले. पोरगा भला होता. ग्लास दांडीला धरायचा, आधी वास, मग घोट. आधी पांढरी, मग रोझे, शेवटी लाल. पांढरी शेनिन ब्लां मला आवडली, लाल शिराझने मित्राचं तोंड वाकडं झालं. मी द्राक्षतोडणीचं विचारलं तर त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. वेलींवर नुसता पाला. "एप्रिलात खरड छाटणी होते, पाऊस सरताना फळछाटणी, आणि वाईनची द्राक्षं तोडायची जानेवारी ते मार्च. आता काय तोडणार काका?" हिने माझ्याकडे असं पाहिलं, की ते २८,००० परवडले.

मुक्कामाच्या ठिकाणीही नावावर खोली नव्हती. एजंटचा फोन आधी 'नेटवर्क नाही', रात्री बंद.

तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा फसलोच. ड्रायव्हर म्हणाला, फॅक्टरी आउटलेटला नेतो, टेस्टिंग फुकट. हायवेलगतचं दुकान, प्लॅस्टिकच्या कपात गोडमिट्ट लाल घोट, आणि 'रिझर्व्ह' म्हणून १,८०० रुपयांची बाटली. दोन घेतल्या. गाडीत हिने सहज नखाने किमतीचा स्टिकर खरवडला. खाली छापील किंमत होती ४५०. लेबलवर बारीक अक्षरांत 'फोर्टिफाईड', म्हणजे वरून स्पिरिट घातलेली. छापील किमतीवर दुसरा स्टिकर दिसला की बाटली तिथेच ठेवा. त्या दोन्ही मी नाशिकच्या साडूकडे सोडल्या. परतीची समृद्धी वर्धा जिल्ह्यातून जाते, तिथे दारूबंदी. एका ट्रिपला एवढी शोभा पुरे होती.

माझी खरी चूक वेगळीच. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन पहिल्या काउंटरवरूनच करायला हवा होता. पैसे पुढे सरकायच्या आत कळवलं तर बँक ते अडवू शकते. मी लाजेपोटी सहा दिवस घालवले, तोवर खातं रिकामं. आता सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार आहे, व्यवहाराचा क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडलेत. आणि एक गोष्ट दोन मिनिटांत झाली असती: वायनरीच्या स्वतःच्या नंबरवर फोन करून विचारायचं, या नावाने बुकिंग आहे का? आम्ही नाशिकचं हवामान पाहिलं, रस्ता पाहिला, हा फोन मात्र केला नाही.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. कंपनीचं नाव नवं, घडाचा फोटो तोच. खाली लिहिलं होतं, 'ऑगस्ट स्पेशल, द्राक्षतोडणीसह.'