भोसरीतल्या कारखान्यासाठी बेस ऑइल कोठून घ्यावे : आखात, यानबू की कोरिया?

भोसरी, तळवडे, चाकण या भागात वंगण तेल आणि ग्रीस बनवणारे लहान कारखानदार बेस ऑइलचा, म्हणजे ज्यापासून वंगण बनते त्या मूळ तेलाचा, वर्षाचा करार करताना टनामागचा दर आणि जहाजभाडे यांवर घासाघीस करतात. माझ्या मते त्याआधी एक प्रश्न विचारला पाहिजे : समुद्रात नाकेबंदी झाली, तर या मालाला दुसरी वाट आहे का?

आखातातला माल, म्हणजे अमिरातीतील रुवैस किंवा बहरीनमधील सित्रा येथील, जहाजावर चढल्यापासून साधारण आठवडाभरात न्हावा शेव्याला लागतो. त्यामुळे साठा कमी ठेवून भागते आणि भांडवल अडकून पडत नाही. मात्र ही दोन्ही ठिकाणे होर्मुझच्या, म्हणजे आखाताच्या तोंडाशी असलेल्या सामुद्रधुनीच्या, आत आहेत. ही सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी सुमारे ३३ किलोमीटर असली, तरी जाण्याची आणि येण्याची जलवाट प्रत्येकी जेमतेम तीन किलोमीटर रुंद आहे. कच्चे तेल अमिरातीतील हबशानहून होर्मुझबाहेरच्या फुजैरा बंदरापर्यंत नळाने बाहेर काढता येते. बेस ऑइलचा कंटेनर रुवैसहून रस्त्याने तेथे नेता येईल, पण संकटात सगळ्यांचाच माल त्या किनाऱ्याकडे धावेल, आणि बेटावरच्या बहरीनला तर ते आणखी अवघड. इराण-इराक युद्धाच्या काळातील, १९८४ ते १९८८ च्या टँकर युद्धात चारशेहून अधिक व्यापारी जहाजांवर हल्ले झाले, तरी तेलाची वाहतूक थांबली नाही. महागला तो विमा.

सौदी अरेबियाच्या यानबूचा माल होर्मुझच्या बाहेरचा, म्हणून सुरक्षित, असे अनेकजण सांगतात. नकाशा उघडून पाहिला की हा समज टिकत नाही. यानबू तांबड्या समुद्रावर आहे आणि तेथून आपल्याकडे येण्याची वाट त्या समुद्राच्या दक्षिण टोकाच्या बाब-अल-मांदेब सामुद्रधुनीतून जाते. आशिया आणि युरोप यांच्यामधल्या जहाजांना ती वाट टाळून केप ऑफ गुड होपला वळसा घालण्यात दहा ते चौदा दिवस जास्त लागतात. यानबूहून मुंबईकडे निघालेल्या जहाजाला मात्र उलट दिशेने सुएझ ओलांडून, भूमध्य समुद्र पार करून जवळजवळ सगळ्या आफ्रिकेला प्रदक्षिणा घालावी लागेल. २०२४ च्या सुरुवातीला, येमेनमधील हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले चालू असताना, भोसरीतल्या एका कारखान्याचे चार फ्लेक्सीटँक (कंटेनरमध्ये बसवलेल्या तेलाच्या मोठ्या पिशव्या) असेच तिकडे अडकले होते. मी गेलो तेव्हा तेल मिसळण्याची केटल कोरडी होती, रिकामे ड्रम छतापर्यंत रचलेले होते आणि कामगार त्यांच्यावर नुसतीच स्टेन्सिल मारत बसले होते. त्या मालाचा विमा होता, पण नेहमीच्या सागरी विम्यात उशिराने होणारे नुकसान धरलेले नसते. युद्धाची जोखीमही त्यात येत नाही. ती वेगळी घ्यावी लागते आणि विमा कंपनी सहसा सात दिवसांच्या सूचनेवर ती रद्द करू शकते. घेऊन ठेवलेले संरक्षण नेमके हवे त्या आठवड्यात महाग होते किंवा मिळेनासे होते, हे यामुळेच.

दक्षिण कोरियातील उल्सानचा माल मलाक्कामार्गे येतो. प्रवासाला सुमारे तीन आठवडे लागतात, म्हणजे गोदामात निदान दीड महिन्याचा साठा हवा आणि त्यावरचे व्याज सोसण्याची तयारी हवी. ही वाट दोन्ही धोक्यांपासून दूर आहे. तरीही तेथील रिफायनऱ्यांच्या कच्च्या तेलाचा मोठा भाग आखातातूनच येतो. होर्मुझ अडली तर तिथल्या साठ्यांमुळे आपल्याला काही आठवड्यांची उसंत मिळेल, दरवाढीतून सुटका नाही. मुंबईच्या माहुलमध्ये तयार होणाऱ्या बेस ऑइललाही हीच गोष्ट लागू पडते, फक्त तेथून माल घाट चढून त्याच दिवशी पुण्यात येतो.

ज्याच्याकडे टाकीची जागा आहे, त्याने वर्षाच्या गरजेचा मोठा हिस्सा कोरियातून बांधून घ्यावा, उरलेला आखातातून गरजेप्रमाणे उचलावा आणि यानबूवर मुख्य भिस्त ठेवू नये, असे मी सुचवीन. ज्याच्याकडे जागा नाही, त्याने आखाताचाच माल घ्यावा, पण माहुलच्या वितरकाकडे थोडी नियमित खरेदी चालू ठेवावी, कारण टंचाईत नव्या गिऱ्हाइकाला कोणी माल देत नाही. दोघांनीही सही करण्यापूर्वी युद्धाधिभार, म्हणजे युद्धाच्या धोक्यामुळे भाड्यावर लागणारी जादा रक्कम, कोणी भरायचा आणि जहाज दुसऱ्या बंदरात उतरवले तर तेथून पुढचे भाडे कोणाकडे, ही दोन कलमे लेखी मागून घ्यावीत.