सर्टिफिकेट खालच्या मजल्याचं, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर

न्यू जर्सीत जुन्या घरात भाड्याने राहायला जाणाऱ्या आणि घरात रांगतं मूल असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. घराच्या जुन्या रंगातल्या शिशाच्या बाबतीत आम्हाला एका कागदाने फसवलं, आणि तो कागद खोटा नव्हता.

२०२३ च्या उन्हाळ्यात आम्ही एका दुमजली घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. घर जवळजवळ शंभर वर्षांचं. मालक मंडळात ओळख झालेले, आपल्याकडचेच, म्हणून आम्ही त्यांना काकाच म्हणायचो. अमेरिकेत घरगुती रंगात शिसं वापरायला १९७८ मध्ये बंदी आली आणि त्याआधीच्या घरांत जुन्या थरांखाली ते असू शकतं, इतकं मला ठाऊक होतं. मी विचारलं. काकांनी लगेच फोनवर ‘लेड-सेफ’, म्हणजे शिशापासून सुरक्षित असल्याचं, सर्टिफिकेट दाखवलं. पत्ता बरोबर, सही, तारीख दोन महिन्यांपूर्वीची. पत्त्यापुढे ‘युनिट १’ लिहिलं होतं, तिकडे माझी नजरच गेली नाही. आम्ही राहणार होतो युनिट २ मध्ये.

कराराबरोबर आणखी एक फॉर्म होता. १९७८ पूर्वीचं घर भाड्याने देताना शिशाबद्दल जे काही माहीत असेल ते मालकाने लिहून द्यायचं, असा केंद्राचा नियम आहे. ‘मालकाला काहीही माहिती नाही’ यासमोर खूण करून तयारच होती. मुलाला कडेवर घेऊन, स्वयंपाकाच्या ओट्यावर कागद ठेवून मी सही केली.

खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या, लाकडी, नुकत्याच पांढऱ्या रंगवलेल्या. तो वास अजून येत होता. आमचा मुलगा तिथेच धरून उभा राहायला शिकला. खिडकीच्या खालच्या फळीला दोन्ही हात लावून रस्त्यावरच्या गाड्या बघायचा, आणि मग तीच बोटं तोंडात. खिडकी उघडली-मिटली की लाकडावर लाकूड घासतं आणि वरच्या नव्या रंगाखालचे जुने थर पीठ होऊन खाचेत साठतात. पोपडे दिसत नाहीत म्हणून आपल्याला काही कळत नाही. हे मला नंतर समजलं.

इथे पहिल्या आणि दुसऱ्या वर्षी मुलांच्या रक्तातलं शिसं तपासतात. बोटाच्या थेंबात आकडा जास्त आला म्हणून शिरेतून रक्त घेतलं. डेसिलिटरला ८.६ मायक्रोग्रॅम. डॉक्टर म्हणाल्या, ३.५ पासून लक्ष घालावं लागतं, आणि सुरक्षित असा आकडाच नसतो.

मी काकांना फोन केला. ते अगदी मायेने म्हणाले, “अगं, आपल्या हळदीत असतं, काजळात असतं. घर तर तपासलेलं आहे, तूच पाहिलंस ना सर्टिफिकेट?” पुढचे आठ दिवस मी स्वयंपाकघरातला डबा न् डबा हुंगत, पुसत काढले. सासूबाईंनी तुपाच्या दिव्यावर पाडलेलं काजळ मी त्यांच्यासमोर कचऱ्यात टाकलं. त्या काही बोलल्या नाहीत. हे मला अजून सलतं.

पब्लिक हेल्थ नर्सनेही हळद, कुंकू, काजळ, आयुर्वेदिक गोळ्या हे सगळं विचारलं. विचारायलाच हवं, कारण आपल्या घरांत या गोष्टींतून खरोखर शिसं आलेलं आहे. पण आमच्या हळदीत काही निघालं नाही. निघालं ते हॉलच्या खिडकीच्या खाचेतल्या धुळीत.

मग मी नगरपालिकेकडे रीतसर अर्ज करून त्या घराचे तपासणीचे कागद मागवले. सार्वजनिक कागदपत्रं मागायचा हा हक्क इथे कोणालाही आहे. दोन अहवाल आले. खालचा मजला पास. वरचा नापास: त्याच हॉलची खिडकी, आम्ही राहायला येण्याआधीची तारीख. काकांना सगळं माहीत होतं. दुरुस्ती नाही, पुन्हा तपासणी नाही, वरून एक हात मारला आणि खालचा कागद आम्हाला दाखवला.

न्यू जर्सीत २२ जुलै २०२२ पासून कायदा आहे. १९७८ पूर्वीच्या बहुतेक भाड्याच्या घरांची शिशासाठी तपासणी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे, आणि सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं. काही गावांत नुसत्या डोळ्यांनी पाहतात, काही गावांत धूळ टिपून प्रयोगशाळेत पाठवतात. आपल्या गावात कुठली पद्धत ते पालिकेत विचारा. सर्टिफिकेट कराराला जोडलेलं असलं पाहिजे. फोनवर दाखवलेलं घेऊ नका. युनिटचा नंबर बोट ठेवून वाचा. आणि सही करण्याआधीच पालिकेकडून त्या युनिटचे सगळे अहवाल मागवा, नापास झालेलेसुद्धा. मी जे मुलाच्या रक्ताचा रिपोर्ट आल्यावर केलं, ते आधी करता आलं असतं.

वकिलाचं पत्र गेल्यावर डिपॉझिट परत मिळालं. आता आम्ही नव्या इमारतीत राहतो. मुलाचा आकडा ४.१ वर आला आहे, पुढची तपासणी तीन महिन्यांनी.

गेल्या आठवड्यात तो वरचा मजला पुन्हा भाड्याने द्यायचा असल्याची जाहिरात दिसली. फोटोत त्याच खिडक्या आहेत, पुन्हा पांढऱ्या रंगवलेल्या. मी पालिकेला कळवलं आहे. तुमच्यापैकी कोणी ते घर बघायला जाणार असेल तर आधी मला विचारा, दोन्ही अहवाल माझ्याकडे आहेत.