जुना अमेरिकन ऑर्गन घेताय? आधी मागची पट्टी बघा

एक लाख पंधरा हजार गेले आणि भर लग्नात इज्जत गेली ती वेगळीच, म्हणून लिहितोय. मी पुण्यात एका बँडमध्ये कीबोर्ड वाजवतो, जुना रॉक, ब्लूज वगैरे, आणि खऱ्या हॅमंडचं, म्हणजे मोटरवर चालणाऱ्या जुन्या अमेरिकन इलेक्ट्रिक ऑर्गनचं, वेड कॉलेजपासूनचं. त्याचं बी-3 हे मोठं मॉडेल परवडणार नाही आणि उचलायला अर्धी सोसायटी लागेल, पण वसईला एकाकडे एम-100 हे लहान मॉडेल आहे असं कळलं, साठच्या दशकातला, 44-44 पट्ट्यांचे दोन कीबोर्ड, खाली 13 पेडल, लाकूड अजून चकचकीत.

माणूस एकदम गोड. चहा, पोहे, "दादा, वाजवणाऱ्याच्याच हातात द्यायचाय हो." त्याने स्टार्टचं बटण धरून ठेवलं, आतली मोटर गुरगुरली, मग रनचं बटण, आणि तो आवाज आला. मी तासभर उठलोच नाही. मागच्या माहितीच्या पट्टीवर काळी टेप मारलेली होती, विचारलं तर म्हणे धार लागते, पोराचा हात कापला होता. आणि मी मान डोलावली! अमेरिकन माल आहे, आपल्या 230 वर जळेल, म्हणून ट्रान्सफॉर्मर सोबत देणार होता. "ट्रान्सफॉर्मर लावला की झालं" हे वाक्य त्या दिवशी किमान दहा वेळा ऐकलं असेल. कर्जतला आमचं एका लग्नाचं गिग होतं, तर म्हणाला टेम्पो थेट तिथेच पाठवतो, तुमचं भाडं वाचेल. पैसे मात्र आधी, तेही कॅश. म्हणजे बँडसोबत एकदाही न वाजवता ऑर्गन सरळ स्टेजवर, हे त्याने मुद्दाम जमवलं होतं हे नंतर डोक्यात आलं.

साउंडचेकला गिटारवाल्याने जुळवायला ए हा सूर दिला, मी ए दाबला आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. ट्यूनरवर, म्हणजे सूर मोजायच्या यंत्रावर, सेकंदाला 440 कंपनांच्या जागी 367. म्हणजे पांढरी सहा (हाच ए) दाबली की काळी तीन वाजते, आणि तीही धड नाही, अजून थोडी उतरलेली, त्यामुळे स्केल बदलून वाजवायचं म्हटलं तरी जुळेना.

कारण साधं आहे. या ऑर्गनमध्ये दातेरी चकत्या फिरतात, त्यांच्या वेगावर सूर ठरतो, आणि त्या फिरवणारी मोटर विजेच्या सायकलवर, म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा उलटसुलट होते त्यावर, चालते. अमेरिकेत 60, आपल्याकडे 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, सायकल बदलत नाही, मग मोटर हळू आणि अख्खा ऑर्गन तीन अर्ध्या सुरांहून (काळ्या-पांढऱ्या मिळून तीन पट्ट्यांहून) जास्त खाली. त्यात तिथे वीज जनरेटरची, लाइटवाल्याने स्टेजचे सगळे मोठे लाइट एकदम लावले की ऑर्गन अजून खाली बसायचा आणि मग हळूहळू वर यायचा, गायिका बिचारी हसावं की रडावं या अवस्थेत. (जनरेटरचा हा त्रास 50 सायकलच्या ऑर्गनलाही होतो बरं का, लॉनवर वाजवणाऱ्यांनी लक्षात ठेवा.) शेवटी वरातीसोबत आलेल्या बेंजोवाल्या पोरांकडून कॅसिओ मागून आणला आणि अख्खा शो त्यावर काढला. त्यांनी एक रुपया घेतला नाही.

रात्रीच विकणाऱ्याला फोन केला. म्हणाला, "दादा, तुम्ही तासभर वाजवलात ना, तेव्हा बेसूर वाटला का?" आता काय बोलणार. एकटा वाजवला तर सगळे सूर एकाच मापाने खाली, आपसात बरोबर, कान फसणारच. फोनमधला फुकटचा ट्यूनर दोन सेकंद लावला असता तर कळलं असतं, पण मी तर डोळे मिटून वाजवत होतो. टेप काढली, खाली स्वच्छ लिहिलेलं, 60 सायकल्स. पुढे ठाण्याच्या एका वाजवणाऱ्याकडून कळलं की त्याने हाच ऑर्गन घेऊन भांडून परत केला होता, म्हणजे विकणाऱ्याला सगळं माहीत होतं. त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

युरोपसाठी बनवलेले 50 सायकलचेही येतात, ते आपल्याकडे नीट चालतात. माझ्यासारख्याला 60 सायकल देणारा कन्व्हर्टर लावला तर सूर जागेवर येतो, पण तो खर्च वेगळा आणि गिगला अजून एक धूड वाहायचं. सध्या ऑर्गन हॉलमध्ये आहे, आईने वर कुंड्या ठेवल्यात. महिन्यापूर्वी विकायची जाहिरात टाकली, पहिल्याच ओळीत 60 सायकल लिहिलंय आणि पट्टीचा फोटोही लावलाय. अजून एकही फोन नाही.