मांजराच्या मिशा आणि माध्यमाचा प्रश्न: जलरंग की रंगीत पेन्सिल?

कुत्र्यामांजरांची पोर्ट्रेट्स करायला घेतली की कधी ना कधी हा प्रश्न येतोच. जलरंगात करावं की रंगीत पेन्सिलीत? मी दोन्हींत केलीत, दोन्हींतली लोकांच्या भिंतींवर लागलीत, आणि माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच. कागद किती जीएसएमचा (म्हणजे किती जाड) घ्यावा, वॉश म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर कसा द्यावा, यात शिरत नाही. हे वाचणाऱ्याला तेवढं ठाऊक असतं.

जलरंगाची बाजू आधी घेतो, कारण महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ती घेणं सोपं जातं. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांपासून आपल्या डोक्यात चित्र म्हणजे पाण्यातले रंग हेच बसलेलं असतं. मूळचे सावंतवाडीचे एस. एल. हळदणकर यांचं दिवा हाती घेतलेल्या बाईचं चित्र मैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे. चेहऱ्यावरचा प्रकाश पाहून तेलरंग वाटतो, पण ते जलरंगात आहे. प्राण्यांचं म्हणाल तर जर्मन चित्रकार ड्यूररचा ससा १५०२चा, जहांगीराच्या दरबारातल्या उस्ताद मन्सूरचा झेब्रा १६२१चा, आणि दोन्ही पाण्यात कालवलेल्या रंगांचे. रंगीत पेन्सिलीच्या मागे असली पुण्याई नाही. फाबर-कास्टेलच्या पॉलिक्रोमोस पेन्सिली १९०८मध्ये आल्या. तेव्हा या माध्यमाचं वयच ते काय!

आणि काही प्राणी जलरंगातच करावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. खिल्लार बैल घ्या. पांढराशुभ्र, उंच, वशिंडाखाली आणि मानेच्या पोळीत निळसर सावल्या. इथे बैल रंगवायचाच नसतो, सावल्या रंगवायच्या आणि कागद सोडून द्यायचा. अल्ट्रामरीन निळ्यात थोडा तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना, भरपूर पाणी, वशिंडापासून पोटाखाली उतरणारा एक वॉश, आणि ओला असतानाच खालून मातीचा उजेड म्हणून जरासा पिवळसर ऑकर. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि कातडीला आपोआप पोत येतो. हेच पेन्सिलीने करायचं तर पांढऱ्यावर पांढरं घासत बसावं लागतं आणि बैल शेवटी मळकट दिसतो.

डुंबून बाहेर आलेल्या म्हशीचंही तसंच. तिच्या पाठीवरची चकाकी जलरंगात एका दमात येते. पेन्सिलीत तेवढा काळा भरायचा म्हणजे डार्क इंडिगो, डार्क सेपिया, मग काळा, पुन्हा इंडिगो. मनगट बोलायला लागतं, तरी अजून कागदाचा दाणा पांढरा डोकावतोच. मेणाच्या पेन्सिली असतील तर पुढे त्या काळ्यावर धुरकट साय चढते, तिला वॅक्स ब्लूम म्हणतात. मऊ कापडाने पुसली तर जाते, पण काचेमागे गेलेल्या चित्राचं काय पुसणार? तेलाच्या बांधणीच्या पेन्सिलींत हा त्रास फारसा जाणवत नाही. माझ्याकडे तरी नाही झाला.

वेळेचा हिशोबही जलरंगाच्याच बाजूचा. हात बसलेला माणूस सकाळी सुरू केलेलं कुत्र्याचं डोकं संध्याकाळपर्यंत आटोपतो. तेच चित्र ए-फोर आकारात पेन्सिलीने केसन् केस काढून करायचं तर नोकरी सांभाळून दोन-तीन आठवडे सहज जातात. वर टोकं काढण्यात वेळ जातो तो वेगळाच, आणि चांगल्या पेन्सिली टोक काढता काढता डोळ्यांदेखत आखूड होतात.

एवढं सगळं जलरंगाच्या पारड्यात घालूनही माझं अडलं ते मिशांवर.

मांजराच्या गालावर एका बाजूला साधारण बारा मिशा असतात, चार ओळींत. बुडाशी जाड, टोकाला जवळजवळ नाहीशा होणाऱ्या, आणि पांढऱ्या. मागे गडद पट्टे असलेला गाल, किंवा त्याहून वाईट म्हणजे गडद पार्श्वभूमी. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कागद, म्हणून ही जागा आधीच राखून ठेवावी लागते. बारीक रेघ ब्रशने टाळून टाळून राखणं कुणाला जमत असेल तर त्यांना नमस्कार. बाकीचे आपण मास्किंग फ्लुइडकडे वळतो.

मास्किंग फ्लुइड म्हणजे अमोनियात ठेवलेलं रबराचं दूध. पांढऱ्या ठेवायच्या जागी ते लावायचं, वाळलं की वरून रंगवायचं आणि शेवटी सोलून काढायचं. ब्रशने लावलं तर ब्रश गेला, म्हणून जुन्या कंपासपेटीतलं रुलिंग पेन किंवा बोरू-टाक घ्यावा लागतो. त्याचा पहिला त्रास रेघेच्या आकाराचा. टाक टेकतो तिथे थेंब साचतो, उचलतो तिथे गाठ पडते. मिशी टोकाकडे निमुळती व्हायला हवी, इथे ती दोन्हीकडे बोथट होते. सोलून काढल्यावर गालातून शेवया बाहेर आल्यासारखं दिसतं. मग कडा ओल्या ब्रशने मऊ करा, टोकांवर पुन्हा रंग चढवा, हे आलंच.

दुसरा त्रास हवेचा, आणि तो परदेशी व्हिडिओ पाहून शिकणाऱ्याला कुणी सांगत नाही. बाटलीवर लिहिलेलं असतं की काम झाल्यावर लवकर काढा. पण लांब केसांचं मांजर हौशी माणसाच्या हातून एका बैठकीत होत नाही. आज डोळे, उद्या कपाळ, परवा पाहुणे. तोवर ठाण्याच्या मे महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ते रबर कागदाला असं धरून बसतं की बोटाने घासून काढताना कागदाची सालच निघते. माझ्या हातून अशी एक पर्शियन गेली. डोळे जमले होते, कपाळावरचा तो धुरासारखा मऊ भाग जमला होता, सगळ्यात शेवटी मिशा उघडायला घेतल्या आणि गालावर लोकरीसारखा उसवलेला पट्टा. त्यावर रंग टाकला की टीपकागदासारखा पसरतो. पावसाळ्यात उलटं. कागद दमट, फ्लुइड नीट वाळत नाही आणि बोटाला तार धरून येतं.

यावर उपाय आहेत, नाहीत असं नाही. पांढऱ्या ग्वाशने, म्हणजे अपारदर्शक जलरंगाने, लांब बारीक केसांचा रिगर ब्रश घेऊन शेवटी मिशा ओढता येतात. ड्यूररचा ससासुद्धा वरून अपारदर्शक पांढऱ्याने उजळलेला आहे, तेव्हा हे शास्त्राला सोडून आहे असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. पण ग्वाश पातळ केला तर वाळल्यावर फिका पडतो, दाट ठेवला तर रेघ मध्येच तुटते, आणि खालचा रंग उठून पांढऱ्याचा राखाडी होतो तो वेगळा. पांढरं जेल पेन घेतलं तर रेघ वरून चिकटवल्यासारखी दिसते. ब्लेडच्या टोकाने खरवडणं डोळ्यातल्या ठिपक्याला ठीक आहे, बारा मिशांना नाही.

पेन्सिलीत हेच काम किती निवांत होतं ते पाहा. रंग लावायच्या आधी, रेखाटन झालं की कागदाखाली जाड पुठ्ठा घ्यायचा, वर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने किंवा बोथट दाभणाने मिशा ओढायच्या. बुडाशी दाब जास्त, टोकाकडे हात हलका. कागदात चर पडतो, डोळ्याला जवळजवळ दिसत नाही. तिरक्या उजेडात धरला तर कळतं. मग वरून खुशाल रंगवा. पेन्सिल चरावरून घसरत जाते, आत उतरत नाही, आणि तिसऱ्या-चौथ्या थराला गाल गडद व्हायला लागला की मिशा आपसूक उमटायला लागतात. निमुळत्या, कारण दाबच निमुळता होता. पेन्सिल मात्र तिथे आडवी धरायची. टोकदार धरून जोर दिलात तर चरात शिरते. कानातले पांढरे केस, पॉमेरेनियनच्या छातीवरची झुलपं, म्हाताऱ्या कुत्र्याच्या हनुवटीवरची पिकलेली दाढी, सगळं याच युक्तीने होतं.

कुणी म्हणेल, चरही पुसता येत नाही, मग फरक काय राहिला? फरक वेळेचा आहे. चर चुकला तर तो पहिल्या अर्ध्या तासात चुकतो. कागद बदलायचा, पुन्हा ट्रेस करायचं, गेलं काय तर एक कागद. जलरंगात मिशांचा निकाल शेवटच्या पाच मिनिटांत लागतो आणि तोवर सगळं चित्र पणाला लागलेलं असतं. स्वभावाने धीट असणाऱ्यांना त्यात मजा येत असेल. मला रात्री झोप लागत नाही.

घरात बसून काम करणाऱ्याला आणखी एक गोष्ट सोयीची आहे. बेल वाजली, कुकरची शिट्टी झाली, आईने हाक मारली, तर पेन्सिल खाली ठेवून उठता येतं. ओला वॉश टाकून उठलात तर परत येईपर्यंत त्याने स्वतःचं काहीतरी ठरवलेलं असतं. याला मोजमाप नाही, पण ज्यांना स्वतंत्र स्टुडिओ नाही त्यांनी हे हलक्यात घेऊ नये.

फोटोवरून काम करणाऱ्यांसाठीही थोडं सांगतो. लोक व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात तो बहुतेक वेळा फ्लॅश मारलेला, डोळे हिरवे चमकणारे, आणि प्राणी बरेचदा गेलेला, म्हणजे दुसरा फोटो मिळण्याची आशा नाही. चित्र पूर्ण होत आल्यावर फोन येतो, ‘अहो, आमच्या शेरूच्या डाव्या कानाला जरा दुमड होती, या फोटोत दिसत नाहीये.’ नाही म्हणवत नाही. पेन्सिलीच्या हलक्या थरांतून खोडरबर मळून, दाबून दाबून रंग उचलता येतो आणि कानाला दुमड घालता येते. जलरंगातही ओल्या ब्रशने रंग उचलतात, पण तो कुठला रंग आहे यावर ते अवलंबून. कागदात मुरलेले रंग हटत नाहीत.

पेन्सिलवाल्यांनी मात्र एका बाबतीत सावध राहावं. गुलाबी आणि जांभळ्या छटा उजेडात उडतात, आणि कुत्र्याची जीभ, नाकपुडीची कड, मांजराच्या कानाची आतली बाजू नेमकी तिथेच लागते. खरेदी करताना पेन्सिलीवरची टिकाऊपणाची खूण बघून घ्या. पॉलिक्रोमोसवर चांदण्या असतात, तीन असतील तर उत्तम. कारान दाश या कंपनीची ल्युमिनान्स ही पेन्सिलींची मालिका मुळात याच कसोटीवर बेतलेली आहे, महाग आहे, म्हणून मी त्यातले फक्त गुलाबी घेतलेत. जलरंगातही जुना अलिझरिन क्रिमझन हा गडद लाल उडतो, पण ट्यूबवरचा पिगमेंटचा नंबर वाचायची सवय जलरंगवाल्यांना असते, पेन्सिलवाल्यांना सहसा नसते.

‘दोन्ही एकत्र का नाही?’ असं विचारणारे असतात, आणि ते बरोबर विचारतात. हॉट प्रेस म्हणजे गुळगुळीत कागदावर खाली जलरंगाचा फिका थर, वर पेन्सिलीचे केस, हा मार्ग चांगला आहे. वेळ निम्म्यावर येतो. दोन अटी आहेत. पाणी आधी, पेन्सिल नंतर, कारण मेणावर पाणी ठरत नाही. आणि चर पाडायचे ते वॉश पूर्ण वाळल्यावर, नाहीतर रंग चरात साचून पांढऱ्याऐवजी काळ्या मिशा मिळतात. वॉटरकलर पेन्सिली हा मधला मार्ग वाटतो खरा, पण केसांची धार त्यात मला कधी मिळाली नाही. इतरांना मिळत असेल.

तेव्हा तुमच्यासमोर गुरं, घोडे, आखूड केसांचे कुत्रे असतील आणि हात सुटा असेल, तर जलरंगच घ्या, मी अडवणार नाही. घरातली मांजरं, पॉमेरेनियन, लासा असले केसाळ जीव असतील, तर पेन्सिलीकडे या. एकदम मोठा सेट घेऊ नका, त्यातले निम्मे हिरवे-निळे तसेच पडून राहतात. चित्रकलेच्या चांगल्या दुकानात पॉलिक्रोमोस सुट्या मिळतात. क्रीम, दोन-तीन वॉर्म ग्रे, बर्न्ट ऑकर, वॉलनट ब्राउन, डार्क सेपिया, डार्क इंडिगो आणि काळा एवढ्यावर बहुतेक मांजरं होतात. उरलेले पैसे गुळगुळीत, जाड कागदावर घाला, आणि शाई संपलेलं एक बॉलपेन घरात असेलच, ते फेकू नका.