घरी गांज्याचे रोप लावावे का: जर्मनी, कॅनडा आणि अमेरिकेतील नियम

घरच्या कुंडीत गांज्याचे रोप लावता येते का, याचा शोध घेताना बहुतेक जण रोपांचा आकडा पाहतात आणि तिथेच थांबतात. जर्मनीत तीन, कॅनडात चार, कॅलिफोर्नियात सहा असे हे आकडे आहेत आणि त्यांवरून कॅलिफोर्निया सर्वांत उदार असल्याचा समज सहज होतो. प्रत्यक्षात तुम्ही तिथले नागरिक आहात की व्हिसावर आहात, कोणत्या प्रांतात राहता आणि घरात लहान मुले आहेत का, या तीन गोष्टींना त्या आकड्याहून अधिक वजन आहे.

जर्मनीचा कायदा 1 एप्रिल 2024 पासून लागू झाला. 18 वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला स्वतःच्या निवासस्थानी, केवळ स्वतःच्या वापरासाठी, एका वेळी तीन रोपे ठेवता येतात. मोजणी माणशी असल्याने एकत्र राहणाऱ्या पती-पत्नींना मिळून सहा रोपे चालतात. मात्र ‘निवासस्थान’ म्हणजे जिथे किमान सहा महिने वास्तव्य झाले आहे असे घर. त्यामुळे नुकतेच म्युनिक किंवा बर्लिनला नोकरीनिमित्त आलेल्यांना लगेच ही मुभा मिळत नाही. रोपे आणि माल मुलांच्या व इतरांच्या हाती लागणार नाही अशी व्यवस्था करणे बंधनकारक असून, वासाचा शेजाऱ्यांना अवाजवी त्रास होता कामा नये, असेही कायदा सांगतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या फ्लॅटमध्ये ही दुसरी अट पहिलीइतकीच जड जाते, कारण फुलोऱ्यावर आलेल्या झाडाचा दर्प दार बंद केले म्हणून अडत नाही.

या कायद्यातील खरी मेख कापणीच्या वेळी लक्षात येते. घरात वाळवलेला माल माणशी 50 ग्रॅमपर्यंतच ठेवता येतो आणि सार्वजनिक ठिकाणी 25 ग्रॅमपर्यंतच जवळ बाळगता येतो. नीट वाढलेले एकच झाड 50 ग्रॅमच्या पुढे जाऊ शकते. मग तीन झाडे एकदम काढणीला आली तर काय करायचे? घरी पिकवलेला माल दुसऱ्याला देण्यास मनाई असल्यामुळे तो मित्रांमध्ये वाटून मोकळे होता येत नाही. घरात 60 ग्रॅमच्या वर साठा आढळल्यास प्रकरण दंडावर न थांबता फौजदारी गुन्ह्यात जाते. म्हणून जर्मनीत तीनही रोपे एकाच दिवशी लावण्यापेक्षा काही आठवड्यांच्या अंतराने लावणे, किंवा एकावरच समाधान मानणे शहाणपणाचे ठरेल. ज्यांना हा हिशेब नको, त्यांच्यासाठी जुलै 2024 पासून लागवड मंडळांचा पर्याय आहे. कमाल 500 सभासदांच्या या मंडळांतून प्रौढ सभासदाला महिन्याला 50 ग्रॅमपर्यंत माल मिळतो, मात्र 21 वर्षांखालील सभासदांसाठी ही मर्यादा 30 ग्रॅमची आहे.

कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून चार रोपांची परवानगी आहे, पण ती घरटी आहे. एका घरात पाच प्रौढ भाडेकरू राहत असले तरी रोपे चारच. सार्वजनिक ठिकाणी 30 ग्रॅमची मर्यादा असली तरी घरातील साठ्यावर संघीय मर्यादा नाही आणि दुसऱ्या प्रौढाला 30 ग्रॅमपर्यंत विनामोबदला देता येते. कापणीच्या दृष्टीने पाहिले तर कॅनडाचा कायदा जर्मनीहून बराच व्यवहार्य आहे, असे माझे मत आहे. अडचण प्रांतांची आहे. क्यूबेकने घरगुती लागवडीवर घातलेली बंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये वैध ठरवली; म्हणजे मॉन्ट्रियलमध्ये एक रोपही चालत नाही आणि शेजारच्या ओंटॅरियोत चार चालतात. ब्रिटिश कोलंबियात रोप सार्वजनिक जागेवरून दिसता कामा नये, त्यामुळे रस्त्याकडील बाल्कनी बाद होते. परवानगीपेक्षा जास्त रोपांच्या गुन्ह्याला कमाल 14 वर्षांची शिक्षा आहे. किरकोळ जादा रोपांचे प्रकरण दंडावर भागू शकते. परंतु दोषसिद्धी झाल्यास, ज्या गुन्ह्याला 10 वर्षे किंवा अधिक शिक्षा होऊ शकते तो स्थलांतर कायद्यात गंभीर गुन्हा मानला जात असल्यामुळे, कायम वास्तव्याचा दर्जाही धोक्यात येतो.

अमेरिकेतील व्हिसाधारक आणि ग्रीन कार्डधारक यांच्याबाबत माझे उत्तर सरळ नकाराचे आहे. राज्याने परवानगी दिली तरी संघीय कायद्यात गांजा नियंत्रित अमली पदार्थच आहे आणि स्थलांतराचे निर्णय संघीय कायद्यानुसार होतात. राज्यात कायदेशीर असलेले कृत्यही नागरिकत्वाच्या अर्जात ‘चांगल्या चारित्र्या’च्या आड येऊ शकते, असे स्थलांतर विभागाने 2019 मध्ये स्पष्ट केले आहे, शिक्षा झालेली नसतानाही अधिकाऱ्यासमोरची कबुली पुरेशी ठरू शकते. शिवाय भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीत गांजा दुकानात कायदेशीररीत्या विकत मिळतो, पण घरी लावणे गुन्हाच आहे.

सुट्टीत महाराष्ट्रात येताना किंवा कायमचे परतताना यांपैकी कोणतीही परवानगी सोबत येत नाही. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांज्याच्या झाडाच्या बेकायदा लागवडीस 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. भांगेची पाने ‘गांजा’च्या व्याख्येबाहेर आहेत म्हणून झाड लावले तर चालते, हा गैरसमज आहे. बाळगलेला गांजा एक किलोपर्यंत असल्यास ‘अल्प प्रमाण’ म्हणून शिक्षा कमी होते; लागवडीच्या कलमात मात्र तशी पायरीच नसल्याने, तुरीच्या आड लावलेला अख्खा वाफा आणि गच्चीतली एक कुंडी ही दोन्ही प्रकरणे एकाच कलमाखाली येतात.