‘अनफेथफुली युअर्स’ (1948): आधी आवाज नीट लावा, मग बघा

प्रेस्टन स्टर्जेसचा हा चित्रपट घरी लावणार असाल तर चित्राच्या आधी आवाजाचं बघा. टीव्हीत ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ चालू असेल तर बंद करा. ही सोय मोठा आवाज दाबते आणि बारीक आवाज वर काढते. इथला निम्मा विनोद आणि जवळजवळ सगळी भीती रोसिनी या इटालियन संगीतकाराच्या चढत जाणाऱ्या ऑर्केस्ट्रावर उभी आहे. तो चढ सपाट झाला की पडद्यावर नुसता वस्तरा घेतलेला नवरा उरतो, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

सर आल्फ्रेड डी कार्टर (रेक्स हॅरिसन) हा नावाजलेला इंग्लिश कंडक्टर, म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवणारा. परदेशी जाताना तो साडूला, म्हणजे ऑगस्टला (रूडी व्हॅली), बायकोकडे जरा लक्ष ठेवायला सांगून जातो. साडू बोलणं अक्षरशः घेतो आणि चक्क खाजगी डिटेक्टिव्ह लावतो. आल्फ्रेड चिडून अहवाल फाडतो, पुढे जाळतोही, पण शेवटी कळायचं ते कळतंच: डॅफ्नी (लिंडा डार्नेल) रात्री त्याच्या तरुण सेक्रेटरीच्या खोलीत 38 मिनिटं होती. त्याच संध्याकाळी कार्यक्रम आहे. कार्यक्रमात तीन रचना, आणि प्रत्येक रचनेबरोबर त्याच्या डोक्यात बायकोचं काय करायचं याचा एक वेगळा बेत.

पुण्यातल्या प्रेक्षकाला देवलांचं ‘संशयकल्लोळ’ आठवल्याशिवाय राहणार नाही. तिथे तसबीर, इथे डिटेक्टिव्हचा अहवाल. फरक मोठा आहे तो पुढे. फाल्गुनराव आणि कृत्तिका दोघंही एकमेकांवर संशय घेतात, त्यामुळे सामना बरोबरीचा होतो. इथे डॅफ्नीला कशाचाच पत्ता नाही. सगळं वादळ एकट्या आल्फ्रेडच्या डोक्यात, आणि कॅमेरा खरोखर तिथेच जातो: तो पोडियमवर हात चालवत असतो, कॅमेरा पुढे सरकत थेट त्याच्या डोळ्याच्या बाहुलीत शिरतो. तीन रचना, तीनदा हाच प्रवेश.

रचनांची निवड नुसती शोभेची नाही. रोसिनीच्या ‘सेमिरामिदे’ या ऑपेरातली राणी नवऱ्याच्या खुनात सामील असते; त्याच्या ओव्हर्चरवर, म्हणजे सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर, आल्फ्रेड वस्तऱ्याने बायकोचा खून रचतो आणि आळ सेक्रेटरीवर ढकलतो. वॅग्नरच्या ‘टान्हॉयझर’ या ऑपेरामध्ये पाप आणि क्षमा आहे, तिथे तो उदार होऊन बायकोला मोठ्या रकमेचा चेक लिहून देतो. चायकोव्हस्कीची ‘फ्रान्चेस्का दा रिमिनी’ नवऱ्याच्या हातून मारल्या गेलेल्या प्रेमिकांवर आहे. तिच्यावर तो पिस्तूल काढून रशियन रूले खेळायला बसतो. पात्रांच्या हालचाली, दाराची उघडझाप, वळून बघणं हे सगळं संगीताच्या मात्रेवर बसवलेलं आहे. म्हणून शक्य असेल तर आदल्या दिवशी तिन्ही रचना नुसत्या ऐकून ठेवा. निदान रोसिनी तरी. सम कुठे येणार हे ठाऊक असलं की दाद आपोआप जाते, हे सवाईच्या मंडपात बसणाऱ्यांना सांगायला नको.

तालमीचा प्रसंग सोडू नका. झांजा वाजवणारा भिडस्त वादक हळूच वाजवतो आणि आल्फ्रेड त्याला दणका द्यायला लावतो. हाच दणका पुढे खुनाच्या बेतात कानावर येतो.

मग माणूस घरी येतो आणि बेत अमलात आणायला लागतो. कल्पनेत सगळं सुरळीत झालेलं असतं: घरगुती रेकॉर्डिंग यंत्रावर स्वतःचा आवाज भरायचा, वेग वाढवून तो बाईच्या किंकाळीसारखा वाजवायचा. यामागचं गणित खरं आहे. मिनिटाला 33 फेऱ्यांच्या वेगाने भरलेली तबकडी 78 वर लावली तर सूर एक सप्तक ओलांडून वरच्या कोमल गंधाराच्या आसपास पोचतो. वेगाचा घोळ उलटा झाला तर तितकाच खाली. प्रत्यक्षात त्याच्या हाती लागतो तो घोगरा, ओढलेला आवाज. यंत्राच्या माहितीपत्रकातली गुंतागुंतीची आकृती बघून घ्या, पॉज करून बघा. मागे तीच कार्यक्रमातली सुरावट तुकड्यातुकड्यांत, धडपडत वाजते.

हा भाग लांबला आहे, हे मान्य करायला हवं. वेताची खुर्ची मोडण्याचा विनोद पहिल्यांदा फर्मास, नंतर ताणलेला. पण तो काढला तर चित्रपटाचं म्हणणंच निघून जाईल: कल्पनेत हा माणूस ऑर्केस्ट्रा हलवतो, घरात त्याला एक यंत्र हलत नाही. हॅरिसन हा सगळा भाग जवळजवळ न बोलता एकटा पेलतो. आणि एडगर केनेडीचा संगीतवेडा डिटेक्टिव्ह! छोटी भूमिका, पण पूर्ण चित्रपटातला सर्वात मायाळू माणूस तोच.

तेव्हा चित्रपट चालला नाही. जुलै 1948 मध्ये अभिनेत्री कॅरोल लँडिसने आत्महत्या केली, हॅरिसनचं नाव तिच्याशी जोडलं गेलेलं होतं, आणि बायकोच्या खुनाचे बेत रचणाऱ्या नवऱ्याच्या भूमिकेत त्याला बघायची लोकांची तयारी नव्हती. 1984 चा डडली मूरचा रिमेक टाळा.

डीव्हीडी घेणार असाल तर क्रायटेरियन या कंपनीची आहे, पण रीजन 1 ची, म्हणजे अमेरिकेतल्या प्लेअरसाठीची; तुमचा प्लेअर मल्टिरीजन, म्हणजे सगळीकडच्या डीव्हीडी चालवणारा, आहे का ते आधी तपासा. चित्र जवळपास चौकोनी आहे, दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या तशाच राहू द्या. ताणून पडदा भरलात तर डोळ्याच्या बाहुलीचा गोल लंबगोल होतो. हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी टीव्हीची सोय, मोशन स्मूदिंग, बंद. संवाद भरधाव आहेत, सबटायटल लावाच.

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा फिल्म क्लबात दाखवणार असाल तर 105 मिनिटांत मध्यंतर लागत नाही. चहा ठेवायचाच असेल तर चित्रपटातला संगीताचा कार्यक्रम सुरू होण्याआधी थांबा. तीन रचनांच्या मध्ये थांबलात तर रंग पार उतरतो. वस्तऱ्याचा प्रसंग थेट आहे, लहान मुलांना बसवू नका.